कोड आहे तर कमिटी कशाला? एका फॉरवर्डला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली व्यवहारांची वही, कोडवर चालते, तिथे माणूस लागत नाही. देखरेख समिती आली म्हणजे मागच्या दाराने मालक आला. स्वयंसेवक म्हणून उभे राहणारे शोभेचे, वरून करमुक्त टोकन, म्हणजे डिजिटल नाणी, खाणारे. आणि हे इंजिनिअरांचं काम, आपल्या पोरांनी यात पडू नये.

चिडीमागचं कारण कळतं. पतसंस्थांत ठेवी अडकून पोळलेल्या आपल्या भागात 'कमिटी' म्हटलं की संचालक मंडळच डोळ्यांपुढे येतं. पण राग खरा असला म्हणून मुद्दे खरे ठरत नाहीत.

आधी 'माणूस लागत नाही' हा मुद्दा घेऊ. ब्लॉकचेनवर चालणारा बीनस्टॉक नावाचा एक प्रकल्प होता. निर्णय मतदानाने, आणि ज्याची गुंतवणूक जास्त त्याची मतं जास्त. एप्रिल 2022 मध्ये एकाने तिथे दोन प्रस्ताव मांडले. त्यातला एक चक्क युक्रेनला देणगी देण्याचा, म्हणजे वरवर बघणाऱ्याला पुण्याचं काम वाटावं! नियमाप्रमाणे एक दिवस गेला. मग 17 एप्रिलला त्याने फ्लॅश लोन उचललं, म्हणजे ज्या व्यवहारात घ्यायचं त्याच व्यवहारात फेडायचं असं कर्ज. त्या पैशांच्या जोरावर दोन तृतीयांशाहून जास्त मतं गोळा केली, स्वतःचाच प्रस्ताव मंजूर केला, तिजोरी रिकामी केली, कर्ज फेडलं आणि पसार झाला. प्रकल्पाचं नुकसान सुमारे 18 कोटी डॉलर. कोड बंद पडला नव्हता, उलट सांगितलं तसाच चालला. प्रस्ताव दिवसभर सगळ्यांसमोर होते, वेळेत ते कोणी अडवले नाहीत. पुढे त्याच प्रकल्पाने मंजूर निर्णय अमलात आणायची चावी आपल्या समुदायातल्या निवडक सहीदारांच्या, म्हणजे पुरेशा जणांनी सही केल्याशिवाय काही हलत नाही अशा लोकांच्या, हाती दिली. 2016 मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या 'द डाओ' नावाच्या सामायिक निधीतून 36 लाखांच्या आसपास इथर, म्हणजे तिथली नाणी, वळवले गेले तेव्हाही ती चोरी उलटवायची हे शेवटी माणसांनीच बसून ठरवलं, आणि न पटलेले लोक जुन्याच वहीवर, म्हणजे इथेरियम क्लासिकवर राहिले.

'समिती म्हणजे मालक' हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. समिती आहे की नाही हे विचारून भागत नाही. तिच्या हातात नेमकं काय आहे, हे बघावं लागतं. कार्डानो या ब्लॉकचेनच्या घटना समितीच्या हातात तिजोरी नाही. आलेला प्रस्ताव तिथल्या घटनेत बसतो की नाही, एवढंच ती मत देते. पैसे काढायचे तर मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींची संमतीही लागते. ते प्रतिनिधी आणि स्टेक पूल, म्हणजे लोकांच्या नाण्यांच्या आधारावर व्यवहार नोंदवणारी केंद्रं, चालवणारे मिळून अविश्वास ठराव आणून समितीला घरी पाठवू शकतात. आर्बिट्रम या इथेरियमवर उभ्या असलेल्या जाळ्याची सुरक्षा परिषद याहून बरीच वजनदार. 12 जणांपैकी 9 जणांनी सही केली तर आणीबाणीत कोणतीही मुदत न थांबता कोड बदलता येतो. निम्म्या जागा आलटून-पालटून निवडणुकीला येतात खऱ्या, पण अधिकार मोठाच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तिच्यावर बोट ठेवलं असतं तर मी मान डोलावली असती. त्याने सगळ्या समित्या एकाच पोत्यात भरल्या.

राहिले 'शोभेचे' स्वयंसेवक. सही करणाऱ्याचं काम जवळून बघा. लॅपटॉपवर लिहिलेलं असतं, अमुक पत्त्यावर इतके टोकन पाठवा. आणि हातातल्या हार्डवेअर वॉलेटच्या, म्हणजे सहीची चावी जपणाऱ्या छोट्या यंत्राच्या, बोटभर पडद्यावर येतं आकडे-अक्षरांचं लांबच लांब शेपूट. दोन्ही एकच आहेत का, हे अक्षर अक्षर ताडून बघायचं, शंका आली की सही अडवायची. कंटाळवाणं काम आहे आणि टाळ्या मिळत नाहीत. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजाराचे 23 कोटी डॉलर गेले तेव्हा कंपनीने सांगितलं की पडद्यावर एक दिसत होतं आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्यावर झाली. ती कंपनी होती, विकेंद्रित जाळं नव्हे, पण अनेकांच्या सहीची रीत तीच.

मानधनाचं म्हणाल तर पांझरेकाठच्या फडांत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून चालवलेल्या पाटपाण्याच्या शेतांत, पाणी सगळ्यांचं होतं, तरी पाटकरी आणि जागल्या ठेवत आणि त्यांना धान्य देत. फुकट राखणीवर कोणी विसंबत नव्हतं. आर्बिट्रमच्या परिषदेलाही मानधन मिळतं, आणि मला त्यात वावगं काही दिसत नाही. उलट वर्षानुवर्षं बिनपैशांचा पहारा देतो म्हणणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. त्याचं लक्ष दोन महिन्यांत उडतं.

इंजिनिअरचं म्हणाल, तर सुरक्षा परिषदेला कोड कळणारेच लागतात, मान्य. पण घटना समितीत कागद नीट वाचणारा, हिशेबात खोट काढणारा माणूस तितकाच लागतो, आणि आपल्याकडे सीए आणि वकिलांचा काही दुष्काळ नाही. फक्त उमेदवारीसाठी कोणी वॉलेटचे गुप्त शब्द, म्हणजे ज्यांनी तुमची नाणी काढता येतात ते, मागितले तर समजा, भो, तो समितीचा नव्हे, चोर आहे.

आणि 'करमुक्त' हे तर सपशेल खोटं. मानधन टोकनमध्ये आलं तरी ते उत्पन्नात दाखवावं लागतं. पुढे टोकन विकले तर एप्रिल 2022 पासून नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही.