सनद नाही, तर वकील कसली? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

'एक विधिज्ञ' साहेब,

कॉर्नेलिया सोराबजींना शीर्षकातच देशातल्या पहिल्या महिला वकील म्हणणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "1923 चा कायदा येईपर्यंत इथे बाईला सनदच मिळत नव्हती. सनद नाही, तर वकील कसली? ताई, हौशी लेखन करताना निदान कायदा तरी वाचावा." शिवाय रेजिना गुहा, मिठन लाम आणि सोराबजींचं इंग्रजप्रेम, असे आणखी तीन मुद्दे.

आधी माझी चूक. 1892 साली त्यांना ऑक्सफर्डची पदवी मिळाली, असं मी लिहिलं होतं. त्या वर्षी त्यांनी फक्त बीसीएल या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली. बायकांना पदवी देत नसत, त्यामुळे ती हातात पडायला 1922 उजाडलं. ती ओळ दुरुस्त केली आहे. (ही चूक तुम्हाला दिसली नव्हती, तरीही सांगते.)

आता तुमचं ते 'ताई' आणि 'हौशी'. पुरुष लेखकाला 'दादा, हौस म्हणून लिहू नका' असं कधी लिहिलंत का हो? माझं नाव वर छापलेलं आहे, तुमचं झाकलेलं. बावीस वर्षं मी तालुक्याच्या कोर्टासमोर एका वकिलांकडे टायपिंग केलं. वकीलपत्र कशाशी खातात ते मला कोणी शिकवायला नको.

सनदेचंच, म्हणजे वकिलीच्या परवान्याचंच, बोलू. 1896 साली पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका बाईच्या बचावाला सोराबजी उभ्या राहिल्या. फौजदारी खटल्यात कोर्टाची परवानगी असेल तर सनद नसलेल्यालाही आरोपीच्या बाजूने बोलता येई, त्या फटीतून त्या आत शिरल्या. बाई सुटली. मग 1897 ला मुंबईची एलएलबी, 1899 ला अलाहाबादची वकिलीची परीक्षा. दोन्ही पास, आणि सनद? नाही म्हणजे नाही. 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे विधवा आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोकरी. इस्टेट नावावर असलेली पडदानशीन विधवा परक्या पुरुषासमोर येणार नाही, म्हणजे वकिलासमोरही नाही. मग दिवाणजी आणि दीर सांगतील तो कायदा, आणि ते सांगतील तिथे सही. सोराबजी पडद्याच्या आत जाऊन बसत, कागद समजावून सांगत. वीसेक वर्षांत अशा सुमारे सहाशे बायका-मुलांचं काम त्यांनी पाहिलं. याला तुम्ही काय म्हणाल, समाजसेवा?

माझ्या आजीचं सांगते. आजोबा गेल्यावर महिन्याभरात 'रेशन कार्डावरचं नाव बदलायचंय' म्हणून तिला तालुक्याला नेलं. अंगठ्याला निळी शाई लावली. कागद होता हक्कसोड पत्राचा. बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणाऱ्या एका बाईने तो तिच्या हातातून घेतला, मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "आजी, अंगठा पुसा आधी." आजीने लुगड्याच्या पदराला पुसला. तो डाग धुवून गेला नाही. अडीच एकर वाचली. त्या बाईकडे सनद नव्हती, साहेब. आत काळे कोट घालून बसलेल्यांकडे होती.

बाकीच्या मुद्द्यांत मला फार रस नाही. बाई म्हणून रेजिना गुहांना 1916 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने वकिली नाकारली, सुधांशुबाला हाजरांना 1921 साली पाटण्याच्या, हे मलाही माहीत आहे. मिठन लाम मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला वकील, माझा लेख देशाबद्दल होता. सोराबजी इंग्रजधार्जिण्या होत्या का? होत्या. गांधीजींच्या विरोधातही होत्या. नाशिकला जन्मल्या म्हणून मी त्यांची आरती ओवाळलेली नाही.

आणि कायदा वाचायचाच झाला, तर तुमच्या 1923 च्या दोन वर्षं आधी, 1921 मध्येच, अलाहाबाद उच्च न्यायालयाने सोराबजींना वकील म्हणून नोंदवून घेतलं होतं. तुम्ही विधिज्ञ. तुम्हाला ठाऊक असेलच.

लेखाचं शीर्षक आहे तसंच राहील.