पायाखालचा पट्टा

कुत्र्याला एकच पट्टा ठाऊक असतो, गळ्यातला. पायाखालीही पट्टा असतो, तो आपोआप सरकतो आणि त्यावर मांडीभर कोमट पाणी असतं, ही बातमी त्याला बेताबेतानं द्यावी लागते. जन्मात एक डबकं न सोडलेला लॅब्राडॉर अंडरवॉटर ट्रेडमिलच्या, म्हणजे दुखऱ्या पायांच्या कुत्र्यांना पाण्यात चालवायच्या यंत्राच्या, काचेच्या पेटीत पाऊल टाकताना माझ्याकडे असं बघतो, जणू मी त्याला बळी द्यायलाच आणलंय. म्हणून आधी कोरड्या पेटीत शिरणं, खाऊ खाणं, बाहेर येणं. मग पाणी. पट्टा सर्वात शेवटी.

त्याच्याही आधी दोन-तीन तास जेवण बंद आणि शी-शू बाहेर उरकून यायचं. हे ऐकताना सगळे पालक माना डोलावतात. पण कोमट पाण्यात चार पावलं चालल्यावर आतड्यांना जी स्फूर्ती चढते, ती डोलावलेल्या मानांना जुमानत नाही. मग पेटी रिकामी करा, घासा, जंतुनाशक फिरवा, पुन्हा भरा. पुढच्या सगळ्या वेळा कोलमडल्या. जुलाब, ताप, न काढलेले टाके, कानाचं किंवा कातडीचं इन्फेक्शन असेल तर पाण्यात येऊच नये. हृदयाचा त्रास असेल तर व्हेटनी हो म्हटल्याशिवाय मी नळालाही हात लावत नाही.

आता पाणी किती? घोट्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराचं सुमारे 91 टक्के वजन येतं, गुडघ्यापर्यंत 85 आणि खुब्यापर्यंत भरलं की जेमतेम 38. हा आकडा ऐकला की पालकांचे डोळे लकाकतात: ‘मग आणखी भरा ना!’ भरलं तर कुत्रा तरंगतो. पाय टेकवायला शिकावं म्हणून आणलेला डॅशहुंड लाइफ जॅकेटच्या मुठीला पिशवीसारखा लोंबकळत नुसता वेळ काढतो. उलट पाणी अगदी उथळ ठेवलं, तर प्रत्येक पाऊल पाण्याबाहेर उचलायच्या नादात सांधे छान वाकतात. सांध्याला वाकवायचं असेल तेव्हा हे बरं, भार हलका करायचा असेल तेव्हा उपयोगाचं नाही.

कामचुकारीत कुत्र्यांचा हात कुणी धरणार नाही. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना न हलणारी अरुंद कड असते. दुखरा पाय गुपचूप तिच्यावर ठेवायचा आणि उरलेल्या तिघांना राबवायचं, हा शोध प्रत्येक कुत्रा स्वतंत्रपणे लावतो. त्यावर उपाय म्हणजे कडेला फोमची लांब नळी अडकवायची, नाहीतर आपण स्वतः पेटीत उतरायचं. उतरलं की तीस किलोचा गडी अंग माझ्यावर टाकतो. व्यायाम होतो, पण माझ्या मांडीचा.

वेगातही अशीच चोरी. पट्टा भरभर फिरला की दुखरा पाय अधांतरी ठेवून तीन पायांवर निभावता येतं. म्हणून वेग इतका कमी हवा, की चौथा पाय टेकवल्याशिवाय तोल राहू नये. पहिल्या दिवशी मिनिटभर चालणं, मग विश्रांती, पुन्हा मिनिटभर. चालणं एकूण पाचेक मिनिटं. ‘एवढंच?’ हा प्रश्न काचेपलीकडून हमखास येतो. दुसऱ्या दिवशी कुत्रा आखडला, तर ती पाच मिनिटंही जास्तच झाली असं धरायचं.

पाणी साधारण 30 अंश असावं. फार गरम केलं तर राबणारा कुत्रा धापा टाकतो. फार गार पाण्यात खूप पोहला तर काही कुत्र्यांच्या शेपटीचे स्नायू दुखावतात आणि ती ओल्या दोरीसारखी खाली लोंबते. सहसा काही दिवसांत बरी होते, पण तोवर घरात सुतक असतं.

अंग कोरडं केलं, कानही पुसले, की मालिश. पालकांचा हात थेट ऑपरेशन झालेल्या गुडघ्याकडे जातो. मालिशची गरज मात्र पुढच्या अंगाला असते. निरोगी कुत्राही साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर पेलतो. मागचा पाय दुखला की आणखी भार पुढे ढकलतो. मग खांदे, मान, पाठ दगड होतात. आधी सपाट तळहातानं केसांच्या दिशेनं सावकाश दोन-तीन मिनिटं, मग बोटांनी हलकं मळणं, सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. ताज्या सुजेवर, गाठीवर किंवा ताप असताना मुळीच नाही. मध्येच त्यानं ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवून तुमचा हात चाटला, तर ‘बघा, पापी घेतोय’ म्हणून आणखी जोर लावू नका. बहुतेक वेळा तो ‘पुरे’ म्हणतोय.

शेवटी मोजपट्टी. स्नायू भरतोय का ते कळावं म्हणून मांडीचा घेर दर खेपेला त्याच जागी, त्याच माणसानं मोजायचा, कारण प्रत्येकाचा हात पट्टी कमी-जास्त आवळतो. कुत्रा मात्र चारही पायांवर सारखा भार टाकून उभा हवा. पेटीत बसायला जागा नव्हती म्हणून इतका वेळ नाइलाजानं उभा राहिलेला हा प्राणी पट्टी दिसताक्षणी फतकल मारून बसतो.