‘सोलर बघायला जाऊ नका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

मामांनी सोलरचा फॉर्म भरला होता, फक्त ॲडव्हान्स द्यायचा बाकी होता, आणि परवा रात्री फोन करून म्हणतात राहू दे बेटा, नको ते सोलर. का, तर ग्रुपवर मेसेज आला. लिहिला कोणी माहीत नाही, पण शेवटी ‘जनहितार्थ’ आहे ना, मग झालं. वर तो मेसेज मलाच पाठवला, जिच्या धाब्यावर (म्हणजे गच्चीवर) मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून तीन किलोवॅटचे पॅनल बसलेत तिला!

ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोलरवाले रविवारी शेजाऱ्यांना घरी बोलावून चहा पाजतात कारण कंपनी त्यांना कमिशन देते. पॅनलमधून रेडिएशन निघतं, पोरांना आणि गरोदर बायांना वर नेऊ नका. पॅनल उष्णता ओढतात, खालचं घर तापतं, पाऊस पळतो. खान्देशच्या उन्हात पॅनल फुटतात. आभाळातली वीज ओढून घेतात. सबसिडी मिळत नाही, झिरो बिल खोटं आहे. आणि लाईट गेली की सोलरपण बंद, हा कंपन्यांचा डाव आहे, ओळखीच्या वायरमनकडून जुगाड करून घ्या म्हणजे लाईट गेल्यावरही चालू राहील.

हा शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे नुसते येडपट आहेत, हा माणूस मारणारा आहे.

लाईट गेली की सोलर बंद पडतं हे खरं आहे. साध्या ऑनग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेल्या सिस्टिमला बॅटरी नसते, भर दुपारी रखरखीत ऊन असलं तरी लाईट गेली की इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारं मशीन) बंद, पंखा बंद. विकणारे हे आधी सांगत नाहीत आणि माणसाला नंतर फसवल्यासारखं वाटतं, तेवढा राग मला मान्य आहे. पण हा डाव नाही, नियम आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2013 चे नियम आहेत, लाईनमधला पुरवठा गेला की तुमच्या सोलरने दोन सेकंदांच्या आत लाईनमध्ये वीज सोडणं बंद केलं पाहिजे. इन्व्हर्टरमध्ये ती सोय आतूनच असते, त्याला अँटी-आयलँडिंग म्हणतात.

का लागते ती सोय? मे महिन्यातलं आपल्याकडचं वादळ आठवा. संध्याकाळी धूळ उठते, पत्रे उडतात, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, ठिकठिकाणी तारा तुटतात. लाईनमन सबस्टेशनवरून परमिट घेतो, म्हणजे लाईन बंद केली असं तिकडून कळतं, मग खांबावर चढतो. आता त्याच लाईनवर एका घरात कोणीतरी इन्व्हर्टरला फसवून चालू ठेवलाय. ती वीज घरातून मीटरमधून उलटी डीपीवर जाते. आणि डीपी काय फक्त एकाच बाजूने चालते का? ट्रान्सफॉर्मर आहे तो, वरून 11 हजार व्होल्ट आले की खाली 230 देतो, आणि खालून 230 घुसले तर वरच्या बाजूला 11 हजार करायला बसतो. बंद म्हणून सांगितलेल्या लाईनला हात लावणारा तो माणूस कोणाचा तरी बाप, भाऊ असतो. त्याच्याशी काय भांडण आहे तुमचं?

शिवाय लाईट परत येते तेव्हा तुमच्या इन्व्हर्टरची आणि लाईनची लय जुळलेली नसते, मग इन्व्हर्टर उडतो, आणि जुगाड केलेल्या मशीनची वॉरंटी कोण देणार? लाईट गेल्यावरही सोलर पाहिजे असेल तर सरळ रस्ता आहे, हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. तो इन्व्हर्टर आधी घर लाईनपासून तोडतो आणि मग घरापुरता चालतो. महाग पडतं, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, हे सगळं खरं. परवडत नसेल तर दोन तास पंख्याविना काढा, आपण लोडशेडिंगमध्ये वाढलेली माणसं आहोत.

‘कंपनीचा डाव’ लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर गप्प बसावं, माहीत असूनही लिहिलं असेल तर मग बोलायलाच नको.

आता कमिशन. दर महिन्याला एका रविवारी मी गल्लीतल्या लोकांना बोलावते हे खरं आहे. कल्पना माझी नाही, अमेरिकेत अमेरिकन सोलर एनर्जी सोसायटीची नॅशनल सोलर टूर असते, लोक आपापली घरं उघडी ठेवतात, शेजारी येऊन पॅनल बघतात, खर्च विचारतात. म्हटलं आपणपण करू, नाहीतरी येणारा-जाणारा प्रत्येक जण जिन्यात थांबवून तेच विचारतो. त्यात मला मिळतं काय? साखर-चहापत्ती माझी जाते, धाब्यावर चपला घालून आलेल्यांच्या मागे झाडू मारावा लागतो. कंपनीचा माणूस मी मुद्दाम बोलावत नाही, कारण तो आला की बोलणं थेट ‘बुकिंग करून टाका’ वर जातं. जे येतात त्यांना मी बिलं दाखवते, सोलरच्या आधीची आणि नंतरची, आणि नेट मीटर दाखवते. त्या मीटरवर आकडे आळीपाळीने येतात, एक तुम्ही घेतलेल्या युनिटचा आणि एक तुम्ही दिलेल्या. दहा मिनिटं उभं राहिलं की कोणालाही कळतं. हो, काही कंपन्या ‘ओळखीचं गिऱ्हाईक आणा, पैसे घ्या’ करतात, नाकारत नाही. मग विचारा ना समोरच्याला तोंडावर, तुला किती मिळतात म्हणून. मला विचारलं कोणी?

रेडिएशनवाल्या मुद्द्याने माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं, कारण तो माझ्या दारात आला. मागच्या रविवारी सगळे वर गेले, शेजारच्या आजी मात्र जिन्याखालीच पोराचा हात धरून उभ्या. ‘मन्हा नातूले वर नको लई जाऊ माय,’ म्हणे. ते पोरगं रडतंय, त्याला वर यायचंय, आणि आजींच्या दुसऱ्या हातात मोबाईल, त्याच्यावरच तो मेसेज वाचलेला!

तर ऐका. पॅनल म्हणजे काच, तिच्याखाली सिलिकॉनच्या चकत्या, मागे प्लास्टिकचा थर आणि कडेला ॲल्युमिनियमची फ्रेम. त्यातून काही निघत नाही, उलट पडलेला उजेड तो आत घेतो आणि त्याची वीज करतो. तुम्ही आत्ता उन्हात उभे आहात तर जी किरणं पॅनलवर पडतायत तीच तुमच्या डोक्यावर पडतायत, रुमाल बांधा. ‘रिफ्लेक्ट होऊन कॅन्सर’ म्हणणाऱ्याला सांगा की काचेवर मुद्दाम चमक कमी करणारा लेप देतात, उजेड परत गेला तर वीज कमी बनणार, मग कंपनी तो परत कशाला जाऊ देईल? वायरमधून वीज वाहते तिथे आजूबाजूला थोडं चुंबकीय क्षेत्र असतं, ते मिक्सरलाही असतं, कूलरलाही असतं, कूलर तर आपण उशाशी लावून झोपतो. पोरांना सांभाळायचंच असेल तर वायरींना हात लावू देऊ नका, कारण ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरमध्ये डीसी करंट असतोच, घरातलं बटण बंद केलं तरी. काच फुटलेल्या पॅनलला तर मोठ्यांनीही हात लावू नये. भीती घालायचीच होती तर ही घालायची, निदान कामाची तरी होती.

घर तापतं म्हणे. कूलर लावूनही रात्री बाराला आपला स्लॅब गरम असतो, कारण दिवसभर ऊन थेट सिमेंटवर पडतं. पॅनल स्ट्रक्चरवर उचललेले असतात, खाली सावली पडते, मधून वारा जातो. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2011 मध्ये एका इमारतीचं छत थर्मल कॅमेऱ्याने तपासलं, पॅनलखालचं छत दिवसा उघड्या भागापेक्षा अडीच डिग्रीच्या आसपास थंड निघालं. एप्रिलमधले तीनच दिवस मोजलेलं आहे, आणि सॅन डिएगो म्हणजे काही भुसावळ नाही, त्यामुळे इथे तेवढाच फरक पडेल असं मी म्हणत नाही. पण घर ‘जास्त तापतं’ हे कशावरून आलं? पॅनल स्वतः तापतो, दुपारी हात ठेववत नाही, एवढंच.

पॅनल फुटतात याचंही तसंच. बाजारात येण्याआधी आयईसी 61215 नावाच्या चाचणीत पॅनल उणे 40 ते 85 डिग्रीपर्यंत पुन्हा पुन्हा थंड-गरम करतात, 25 मिलिमीटरच्या गारा मारून बघतात. आपले 45-46 त्यापुढे काय. उन्हाने वीज कमी बनते हे मात्र खरं, आणि हे विकणारा सांगत नाही. पॅनलवर लिहिलेले वॅट 25 डिग्रीला मोजलेले असतात. त्यापुढे प्रत्येक डिग्रीला साधारण 0.35 ते 0.4 टक्के घट. मे महिन्यात दुपारी पॅनल 65-70 ला जातो, म्हणजे पंधरा-सतरा टक्के तिथेच गेले, वरून धूळ. मागच्या वेळी एका काकांनी इन्व्हर्टरवर बोट ठेवून बरोबर पकडलं, तीनचं सांगता आणि इथे 2.3 दिसतंय. दिसणारच. तरीपण उन्हाळ्याचे महिनेच सगळ्यात जास्त युनिट देतात कारण दिवस मोठा आणि आभाळ मोकळं, कमी मिळतं ते पावसाळ्यात. वर्षाची सरासरी धरा, एका किलोवॅटला दिवसाचे चारेक युनिट. आणि धूळ धुवायची ती सकाळी लवकर, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, बोअरचं खारं पाणी असेल तर लगेच पुसून घ्या नाहीतर पांढरे डाग धरतात.

पाऊस पळतो! साक्रीला शिवाजीनगरचा महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सोलर प्लांट 2013 पासून चालू आहे, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणे ‘बघा दुष्काळ’. साक्री तालुक्यात दुष्काळ काय प्लांटनंतर आला? 1972 ला कोणाच्या धाब्यावर पॅनल होते? पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्या ढग पळवतात म्हणायचे, आता पॅनलचा नंबर.

वीज ओढून घेतात हेही खोटं. वीज पडायची तर उंच जागेवर पडते, पॅनल असो की पाण्याची टाकी. पण अर्थिंग नीट पाहिजे, लाइटनिंग अरेस्टरचं (पडलेली वीज जमिनीत नेणारा दांडा) वेगळं, एसीचं म्हणजे घराकडच्या विजेचं वेगळं, डीसीचं म्हणजे पॅनलकडच्या विजेचं वेगळं. बसवणारा तीन खड्डे खोदतोय का ते उभं राहून बघा, इथे लोक पैसे वाचवतात.

गच्ची जाते हा मुद्दा मेसेजमध्ये नाही, पण माझ्या सासूबाईंचा आहे आणि खरा आहे. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. आमच्याकडे बिबडे आणि कुरडया वाळवायची खाट आता दक्षिणेकडून हलवून टाकीजवळ गेली, तिथे दुपारनंतर सावली येते, त्यावरून अजून अधूनमधून ऐकायला मिळतं. स्ट्रक्चर उंच केलं असतं तर खाली झोपायलाही जागा झाली असती, पण उंचीचे पैसे वेगळे आणि वादळात वारा जास्त धरतो.

राहिले पैसे. झिरो बिल खोटं आहे, इथे मेसेजवाला बरोबर आहे, द्यावं लागतंय म्हणून देते त्याला हे श्रेय. तुमचे युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार येतोच. आणि जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्याचा जो दर मिळतो तो तुम्ही भरता त्याच्या जवळपासही नसतो. म्हणून तीनची गरज असताना पाचचं लावून ‘वीज विकू’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. सबसिडी मिळत नाही हे मात्र साफ खोटं. फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजना आहे, दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे 78 हजार, त्यापुढे कितीही लावा तेवढेच. पॅनल भारतात बनलेल्या सेलचे पाहिजेत, आणि पैसे कंपनीकडे नाही, तुमच्या बँक खात्यात येतात. पण ते सिस्टिम बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर. तोवर खर्च तुमच्या खिशातून किंवा कर्जातून.

लोकांचं अडतं ते भलत्याच ठिकाणी, आणि त्या लांबलचक मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. आपल्याकडे निम्म्या घरांची लाईट बिलं अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर येतात. अर्ज ज्याच्या नावावर कनेक्शन त्याच्याच नावाने होतो, बँक खातंही त्याचंच लागतं. वारस चार असतील तर सगळ्यांच्या संमतीचे कागद, त्यातला एक भाऊ सुरतला आणि दुसरा बोलत नाही. त्यामुळे कोटेशन मागवायच्या आधी बिल हातात घ्या, वरचं नाव वाचा, जुनं असेल तर पहिले ते बदलायला टाका.