संगणक कॅमेऱ्याला ओळखेनासा झाल्यास पाळावयाचा शिष्टाचार

संगणकाने रात्रभर ‘बंद करू नका’ असे बजावत अपडेट उरकून घेतले आणि कालपर्यंत बिनबोभाट जोडला जाणारा तुमचा कॅमेरा आज त्याला दिसेनासा झाला, तर प्रथम सर्व दोष स्वतःकडे घ्यावा. अपडेट कधीच चुकत नसते. ते तुमच्या सुरक्षिततेसाठीच आलेले असते आणि जी छायाचित्रे संगणकात उतरलीच नाहीत ती तेथून चोरीला जाण्याची भीती नसते, एवढे तरी कोणीही विचारी मनुष्य मान्य करील.

त्यानंतर केबल बदलावी. कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ केबल शोधण्याच्या भानगडीत न पडता खणात हाताला येईल ती आणि भोकात बसेल ती केबल घ्यावी. ती फक्त चार्जिंगपुरती असून तिच्यात माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतील, तर फारच उत्तम. कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होऊ लागली की जोडणी सुधारत असल्याचा तो पुरावा मानावा. योग्य केबल लावल्यावर संगणकाने ‘टुंग’ असा आवाज केला, तर काहीतरी जोडले गेल्याचे त्याला कळले आहे असे समजावे. काय जोडले गेले हेही त्याला कळावे असा हट्ट धरू नये.

कॅमेऱ्याच्या मेनूत मात्र चुकूनही डोकावू नका. सोनीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत यूएसबी जोडणीसाठी ‘मास स्टोरेज’ व ‘एमटीपी’ (या दोन्ही फाइली उतरवून घेण्याच्या पद्धती) आणि ‘पीसी रिमोट’ (संगणकावरून कॅमेरा चालवण्याची सोय) असे पर्याय असतात आणि त्यांतला तिसरा निवडलेला असेल, तर छायाचित्रांचे फोल्डर संगणकावर उघडत नाही. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत वाय-फाय चालू असेपर्यंत केबलची जोडणी चालत नाही. ही बाब माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहिलेली असते, म्हणजेच ती कोणाच्याही नजरेस पडणार नाही याची पुरेशी काळजी घेतलेली असते.

आता ड्रायव्हरकडे, म्हणजे संगणकाला कॅमेऱ्याशी बोलायला शिकवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरकडे वळू. कॅमेऱ्यातून छायाचित्रे पाठवण्याची पीटीपी ही पद्धत आयएसओ १५७४० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेली असल्याने तिच्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. ‘डिव्हाइस मॅनेजर’ ही जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधील यादी उघडून, पिवळे उद्गारचिन्ह मिरवणाऱ्या कॅमेऱ्याच्या नावावर ‘अनइन्स्टॉल’ करून, केबल काढून, संगणक पुन्हा सुरू करून कॅमेरा नव्याने जोडला, तर बरेचदा काम होते. परंतु फुकटात आणि पाच मिनिटांत झालेल्या कामाला प्रतिष्ठा नसते. त्यापेक्षा ‘मोफत ड्रायव्हर’ देऊ करणारे एखादे अनोळखी सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे. ते तुमच्या संगणकातील डझनावारी दोष शोधून दाखवील आणि ते दूर करण्यासाठी पैसे मागेल. कॅमेरा तरीही दिसणार नाही, पण निदान कोणीतरी आपली दखल घेतली याचे समाधान लाभेल.

युरोपात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना याहून वरच्या दर्जाचा आनंद उपलब्ध आहे. युरोपीय आयोगाच्या मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या २००४ मधील निर्णयामुळे तेथे विंडोजच्या ‘एन’ आवृत्त्या निघाल्या, ज्यांत मीडिया प्लेयर नसतो आणि त्याच्याबरोबर एमटीपीचा आधारही गेलेला असतो. ‘मीडिया फीचर पॅक’ बसवला की तो परत येतो आणि मोठे अपडेट आले की पुन्हा जाऊ शकतो. मक्तेदारीविरुद्धचा लढा असा थेट आपल्या सहलीच्या फोटोंपर्यंत पोहोचावा, हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

एवढ्यावर भागले नाही, तर ग्राहक सेवेला फोन करावा. कॅमेऱ्याची कंपनी संगणकाकडे बोट दाखवील आणि संगणकाची कंपनी कॅमेऱ्याकडे. सोयरीक बिघडल्यावर दोन्हीकडचे व्याही बोलतात त्याच सुरात ही बोलणी चालतात. अशा वेळी इतिहासातील दाखले देऊन वाद घालू नये. २०१६ च्या ऑगस्टमध्ये विंडोज १० च्या अपडेटनंतर अनेकांचे वेबकॅम गोठले, ते एकाच कॅमेऱ्याचे चित्र एकाच वेळी अनेक प्रोग्रॅमना मिळावे या उदात्त हेतूने केलेल्या बदलामुळे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलच्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटांची, म्हणजे जुन्या धाटणीची, सगळी सॉफ्टवेअरे निकालात काढली आणि कॅमेऱ्यांसोबत मिळालेली कित्येक जुनी सॉफ्टवेअरे तिथेच संपली. मॅकमध्ये ‘इमेज कॅप्चर’ नावाचे साधन आयतेच असते आणि ते पुष्कळ कॅमेऱ्यांची छायाचित्रे निमूटपणे उतरवून घेते, हे त्या शोकसमयी कोणी सांगितले तर त्याला असंवेदनशील ठरवावे.

कार्ड रीडर या वस्तूपासून तर कटाक्षाने दूर राहावे. काहीशे रुपयांच्या या डबीत मेमरी कार्ड सरकवले की केबल, ड्रायव्हर, पीटीपी आणि दोन्ही कंपन्या यांपैकी कोणाचीही मनधरणी न करता ‘डीसीआयएम’ नावाचे छायाचित्रांचे फोल्डर समोर येते, आणि इतक्या लवकर काम आटोपल्यावर उरलेला रविवार कुठे घालवावा हा नवाच प्रश्न उभा राहतो. तरीही कोणी ती आणलीच आणि कार्ड घालताच संगणकाने ‘हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल’ असे नम्रपणे सुचवले, तर संशयी माणसे ‘रद्द’ निवडून कार्ड बाहेर काढतात आणि कॅमेऱ्यात घालून फोटो दिसतात का ते पाहतात. तुम्ही अपडेटवर इतका विश्वास ठेवलाच आहे, तेव्हा ‘होय’ दाबावे. त्यानंतर कॅमेरा जोडला गेला काय आणि न गेला काय, उतरवून घेण्यासारखे त्यात काही उरलेले नसते.