हिरे तर सिएरा लिओनकडेही होते

‘आफ्रिकेत कायदा, लोकशाही, सुधारणा काही रुजत नाही. बोत्सवाना सुधारला तो हिरे सापडले म्हणून. नशीब, दुसरं काय!’ अशा अर्थाचा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. मला तो मनापासून खटकतो. माणसांनी खपून उभ्या केलेल्या देशाचं श्रेय तो जमिनीतल्या दगडाला देतो.

आधी नशिबाचं बघू. ३० सप्टेंबर १९६६ ला बोत्सवाना स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. हिरे सापडले पुढच्या वर्षी, ओरापाला. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये ते १९३० मध्येच सापडले होते, आणि १९९१ ते २००२ च्या यादवीत त्याच हिऱ्यांवर बंदुका आल्या.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सिएरा लिओनचे बरेचसे हिरे नदीच्या गाळात. फावडं आणि चाळणी असली की कुणीही काढावेत. बोत्सवानाचे खोल खडकात, म्हणून राखायला सोपे. हे मान्य. पण अंगोलाचं बहुतेक तेल तर समुद्राखाली. तिथे कोण चाळणी घेऊन जाणार? तरी १९७५ ते २००२ तिथेही यादवी चालली आणि तेलाचा पैसा लढाईत गेला.

मग फरक कशाने पडला? ओरापाची जमीन बामांग्वाटो जमातीची, आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. हिरे ‘आमचे’ म्हणणं त्यांना सहज जमलं असतं. त्याऐवजी १९६७ च्या कायद्याने खनिजांवरचे जमातींचे हक्क देशाकडे आले. डी बिअर्स या हिरे कंपनीशी पहिला करार झाला तेव्हा सरकारचा वाटा १५ टक्के होता. ज्वानेंगला हिऱ्यांचा मोठा साठा हाती लागल्यावर सरकार पुन्हा बोलणीला बसलं आणि १९७५ मध्ये वाटा ५० टक्क्यांवर नेला. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून स्वतःचं चलन आणलं. नाव ठेवलं ‘पुला’, म्हणजे पाऊस. कलहारीच्या वाळवंटी देशात पैशाला पाऊस म्हणतात, हे आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. १९९४ पासून हिऱ्यांच्या कमाईतली शिल्लक ‘पुला फंडा’त, म्हणजे देशाच्या राखीव निधीत, पडू लागली.

‘लोकशाही रुजत नाही’ म्हणणाऱ्यांनी तिथली खोत्ला समजून घ्यावी. लाकडी ओंडक्यांच्या अर्धगोल कुंपणाच्या आडोशाला गावसभा भरते. लोक घरून खुर्च्या घेऊन येतात, आणि मुखिया शेवटचा शब्द बोलण्याआधी सगळ्यांचं ऐकतो. बायकांना आणि सान या तिथल्या आदिवासी लोकांना तिथे फार काळ स्थान नव्हतं, हेही खरंच. तरी राज्यकर्त्याने चारचौघांत बसून ऐकून घ्यायचं, ही रीत तिथे ब्रिटिशांच्याही आधीची.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. विषमता प्रचंड आहे, तरुणांच्या हाताला काम नाही. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडले; त्याची झळ मुंबईच्या बीकेसीतल्या हिरेबाजाराला बसली, तशी बोत्सवानाची राजधानी गाबोरोनीच्या तिजोरीलाही. हिऱ्यांपलीकडे उद्योग उभे करण्यात तिथलं सरकार कमी पडलं, हा दोष त्याचाच.

पण त्याचा जाब लोकांनी मतपेटीतून विचारला. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत ५८ वर्षं सत्तेवर असलेला पक्ष ६१ पैकी ४ जागांवर आला. अंतिम निकालाची वाट न बघता तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी विरोधी नेते डुमा बोको यांना फोन केला आणि हार मान्य केली.