हॉलंडचा दाखला देणाऱ्यांसाठी

वाढवण बंदराचा विषय निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेदरलँड्सला साक्षीला बोलावलं जातंच. ‘तुमच्या हॉलंडवाल्यांनी अख्खा समुद्र मागे रेटला, आणि आपल्याकडे चार होड्या आडव्या घालून बंदर अडवतात,’ हे आमच्या मामांचं ठरलेलं वाक्य. मी डेल्फ्टला राहते, त्यामुळे उत्तराची जबाबदारी माझ्यावर. ग्रुपवर वाद नको म्हणून तिथे अंगठा दाखवून मोकळी होते. इथे मात्र सविस्तर लिहिते, कारण हा दाखला मामांपुरता राहिलेला नाही. बंदर असो, किनारी रस्ता असो की धूपप्रतिबंधक बंधारा, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हॉलंड काढतंच.

लांब राहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर वाढवण हे पालघर जिल्ह्यातलं, डहाणूजवळचं गाव. तिथे समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून ७६ हजार कोटींचं बंदर उभं राहतंय. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. भरावाची वाळू दमणच्या बाजूच्या समुद्रातून काढायची आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. त्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये या बंदराला नकार दिला आणि २०२३ मध्ये, अटी घालून, होकार दिला. पापलेट आणि घोळ यांच्यावर जगणारे मच्छीमार, बागायतदार, डायमेकिंगवाले (साचे बनवणारे कारागीर) विरोधात आहेत. नैसर्गिक खोली, रोजगार, मोठी जहाजं ही बंदराच्या बाजूने बोलणाऱ्यांची कारणं, आणि तीही पोकळ नाहीत.

मामांना हवा तो दाखला खरंच अस्तित्वात आहे. त्याचं नाव मासव्लाक्टे २. रॉटरडॅम बंदराचा हा विस्तार २००८ ते २०१३ या काळात समुद्रात भराव घालून झाला. एकूण क्षेत्र सुमारे २,००० हेक्टर, म्हणजे वाढवणच्या भरावापेक्षाही मोठं. तेव्हा ‘त्यांनी केलं’ हे शंभर टक्के खरं. पण ते कसं केलं, हे ग्रुपवर कुणी फॉरवर्ड करत नाही.

जानेवारी २००५ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने, राड फान स्टाटने, या प्रकल्पाचे मूळ निर्णय रद्द केले. त्यामागचं एक कारण ऐकून आपल्याकडचा कुठलाही प्रकल्प अधिकारी कपाळावर हात मारून घेईल. भरावामुळे किनाऱ्यालगतचा प्रवाह बदलला तर उत्तरेकडच्या वाडन समुद्रात वाहत जाणारा गाळ आणि माशांची पिल्लं यांचं काय होईल, याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, असं न्यायपीठ म्हणालं. माशांची पिल्लं! युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर त्यांच्यासाठी खोळंबलं. अभ्यास पुन्हा झाला, प्रारूपं पुन्हा चालवली गेली, मग परवानग्या आल्या आणि २००८ मध्ये काम सुरू झालं. समुद्राचा जो तळ भरावाखाली जाणार होता त्याच्या बदल्यात शेजारच्या फोरडेल्टा भागात सुमारे २५ हजार हेक्टरचं समुद्रतळ संरक्षण क्षेत्र आखलं गेलं आणि तिथे जड साखळ्यांच्या ट्रॉलिंगला, म्हणजे तळ खरवडणाऱ्या मासेमारीला, बंदी आली. किनाऱ्यावर नव्याने वाळूच्या टेकड्या रचल्या. पुढे मोजणी केली तेव्हा समुद्रतळ अपेक्षेइतका सुधारल्याचं दाखवता आलं नाही. म्हणजे भरपाईची योजना पुरती यशस्वी झालीच नाही. पण ती झाली नाही हे आज सांगता येतं, कारण आधी आकडा ठरवला होता आणि नंतर तो तपासला गेला.

वाढवणच्या मच्छीमारांचा प्रश्न याच जातीचा आहे. भराव पडल्यावर प्रवाह कुठे वळेल, गाळ कुठे साचेल, अंडी घालायला येणारा मासा कुठे जाईल? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने सिल्व्हर पापलेटला राज्यमासा घोषित केलं. त्याच माशाच्या पट्ट्याबद्दल विचारलं तर मात्र ते विकासविरोधी ठरतं. रॉटरडॅमला हाच प्रश्न न्यायपीठाने विचारला होता आणि त्याला कुणी देशद्रोही म्हटलं नाही.

दुसरा दाखला ऊस्टरस्खेल्डे या खाडीचा. १९५३ च्या ३१ जानेवारी-१ फेब्रुवारीच्या रात्री वादळाने बांध फोडले आणि या देशात १,८३६ माणसं गेली. योहान फान फेन नावाचा सरकारी अभियंता बांध कमी उंचीचे आहेत हे आधीपासून सांगत होता. ऐकत कुणी नाही म्हणून त्याने लेखनासाठी ‘डॉ. कॅसांड्रा’ हे टोपणनाव घेतलं होतं. कॅसांड्रा म्हणजे ग्रीक पुराणातली ती बाई, जिचं भाकीत खरं ठरतं पण जिच्यावर विश्वास कुणाचाच बसत नाही. आपत्तीनंतर डेल्टा प्रकल्प आला आणि त्यात ऊस्टरस्खेल्डेचं मुख समुद्राला कायमचं बंद करायचं ठरलं. इतक्या मृत्यूंनंतर त्याला विरोध कोण करणार? केला. कालवं आणि शिंपले पिकवणाऱ्या गावांनी केला, पर्यावरणवाल्यांनी केला. काम सुरू झालेलं असताना, सत्तरच्या दशकात, सरकारने आराखडा बदलला. बांधाऐवजी ६२ दरवाजांचा अडसर बांधला, जो एरवी उघडा असतो आणि वादळातच मिटतो. १९८६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. खर्च भरपूर वाढला. आणि तरीही भरतीचा जोर कमी झाल्याने आतल्या वाळूच्या पट्ट्या झिजताहेत, त्यांच्यावर आता वरून वाळू घालावी लागते.

आपल्याकडेही असं घडलंय. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातल्या कोळ्यांनी सागरी किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब लांब ठेवा, होड्या जायला वाट द्या, असं म्हणत वर्षानुवर्षं भांडण केलं. ६० मीटरचं अंतर अखेर डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर करायचं मान्य झालं. त्यांची मागणी त्याहून जास्त होती, पण एक खांब गळला. या बातमीवर मामा म्हणाले, ‘बघ, अडवणूक.’ इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ऊस्टरस्खेल्डे दाखवायला घेऊन जातात.

आता विज्ञानाकडे येते, कारण गैरसमज असा की आपल्याकडे ते नाही. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, हैदराबादला इन्कॉइस हे महासागर माहिती केंद्र आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या वैज्ञानिकांनी २०२० मध्ये संपादित केलेल्या अहवालात लिहिलंय की उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर वाढत होती, आणि १९९३ ते २०१७ या काळात ३.३ मिलिमीटर. डच किनाऱ्याचा आजचा वेग यापेक्षा काही जास्त नाही. उलट इथे वेग वाढलाय की नाही यावर वैज्ञानिकांची वर्षानुवर्षं घासाघीस चालली होती, आणि तो वाढलाय हे २०२२ च्या अहवालात कुठे मान्य झालं.

फरक आकडा हाती आल्यानंतरचा आहे. इथे १९९० ची किनारारेषा हा कायम मापदंड मानलाय. १९६५ पासून दरवर्षी किनाऱ्याचे छेद, म्हणजे त्याची उंची-खोली, मोजतात, दर दोनशे-अडीचशे मीटरवर एक. रेषा १९९० च्या मागे सरकायला लागली की तिथे वाळू टाकतात. ही मोजणी कुणालाही बघता येते. २०१७ पासून कायद्यात आणखी एक आकडा आहे. बांधामागे राहणाऱ्या कुठल्याही माणसाचा पुराने मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकाहून जास्त असता कामा नये, आणि २०५० पर्यंत सगळे बांध या कसोटीला उतरले पाहिजेत. गरीब गाव, श्रीमंत गाव, आकडा तोच.

आपल्याकडे धोक्याची रेषा आखली गेली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने ती काढली, लाटा, धूप, समुद्रपातळी सगळं धरून. मग जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने सांगितलं की या रेषेचा उपयोग आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी होईल. बांधकाम कुठे करायचं नाही, हे ती ठरवणार नाही. त्याच अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर विकासबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटर केला. रेषा आखायची आणि तिच्या पुढे बांधायचं! यावर कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही.

आणि विचारायचं कुणाला? मी डेल्फलंडच्या पाणी मंडळाला दरवर्षी कर भरते. अशी २१ मंडळं देशभर आहेत, काही तेराव्या शतकापासूनची. त्यांची स्वतःची निवडणूक होते, आणि वैध परवान्यावर राहणाऱ्या परदेशी माणसालाही मत असतं. संसदेसाठी मला मत नाही, पण बांधासाठी आहे. २०२३ मध्ये मी ते दिलं. त्या मंडळात शेतकऱ्यांना आणि निसर्ग संस्थांना राखीव जागा आहेत, त्यामुळे भूजल किती खोल ठेवायचं यावर सतत तणातणी चालते. कंटाळवाणी, तांत्रिक, पण उघडी. मुंबईत त्याच काळात, मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं, महापालिकेत नगरसेवकच नव्हते. किनारी रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये प्रशासकाच्या राजवटीत खुला झाला. वॉर्डातल्या माणसाने दार ठोठावायचं म्हटलं तर दारच नव्हतं.

माझं माहेर अलिबागच्या खारेपाटातलं, म्हणून पाणी मंडळ पहिल्यांदा समजून घेताना मला त्यात परकं काही वाटलं नाही. आमच्याकडे खाडीच्या कडेने बांध, बांधाला उघाडी (पाणी सोडायची दारं), आत भातशेती. उधाणाला खांड पडली की गावच्या जोळाने सगळ्यांनी मिळून ती बुजवायची, हा जुना रिवाज. गोव्यातल्या खाजन शेतीत मानसीची दारं आणि बांध गावकरी संस्था सांभाळत. पुढे आमच्याकडे बांध खारभूमी विभागाकडे गेले. सरकारचा बांध म्हटल्यावर गावाने हात आखडले आणि विभागाकडे निधी कधी असतो, कधी नसतो. आज उधाणाचं पाणी शेतात शिरलं की पंचनामा होतो. जमीन एकदा खारवली की नापीक, मग ती घ्यायला कोण येतं हे खारेपाटात कुणाला सांगायला नको.

इथे सगळं सोनं आहे असं वाटू नये म्हणून एवढं सांगते की या देशातल्या सर्वांत खोलगट भागांपैकी एका पोल्डरमध्ये (बांध घालून, पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीत), समुद्रपातळीच्या पाच-सहा मीटर खाली, आठ हजार घरांची योजना पुढे रेटली जातेय. उत्सर्जन पुरेसं कमी करा हे सरकारला सांगायला नागरिकांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, २०१९ मध्ये. २०२३ च्या हवामान प्रारूपांनुसार शतकाअखेर समुद्र १.२ मीटर चढू शकतो, आणि अंटार्क्टिकाचा बर्फ वेगाने ढासळला तर अडीच मीटरही नाकारता येत नाही. तेव्हा कुठला भाग सोडून मागे यायचं, हा प्रश्न इथल्या राजकारण्यांना मामांइतकाच नकोसा आहे. शिवाय डच कंपन्या दुबईपासून मनिलापर्यंत समुद्रात जमीन तयार करून देतात. पाणी मंडळ मात्र त्यांच्या कोटेशनमध्ये नसतं.

वाढवण होणार, हे मी धरून चालले आहे. मग मला हॉलंडमधून एवढंच हवंय. बंदराच्या उत्तर-दक्षिणेला किनाऱ्याचे छेद भराव पूर्ण होण्याआधीपासून दरवर्षी मोजावेत आणि ते वरोर, वाढवण, चिंचणीच्या ग्रामपंचायतींत लावावेत. आजची रेषा लिहून ठेवावी. ती मागे सरकली तर वाळू कोण टाकणार आणि मासळी घटली तर भरपाई कोणत्या आकड्यावरून ठरणार, हे करारात लिहावं. बंदर प्राधिकरणाच्या ७६ हजार कोटींत हा खर्च दिसणारही नाही.