चिप वाचली, बोर्ड वाचला नाही

लॅपटॉपचा पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागतोय आणि स्क्रीन काळी? मग बोर्डावरच्या चिमुकल्या चिपमधला, लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे बायोसच उडालाय, विचार कसला करताय! रॅम काढून पुसा, रेलवरचं, म्हणजे बोर्डाच्या सप्लायच्या वाटेवरचं व्होल्टेज मोजा, असली कामं रिकामटेकड्यांची. ती चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्रामर घेतलाय ना? तो वसूल व्हायला हवा.

घेतला असेल तर तो काळ्या बोर्डाचा स्वस्तातला सीएच३४१ए असणार. छान. हा चिपला सप्लाय देतो ३.३ व्होल्टचा आणि डेटाच्या तारांवर सोडतो ५ व्होल्ट. म्हणजे पाहुण्याला भात मोजून वाढायचा आणि वरणाचं पातेलं डोक्यावर ओतायचं. मीटर लावून खात्री करायला जाऊ नका, उगाच मन खट्टू होतं. चिपवरचा नंबरही वाचू नका. डब्ल्यू२५क्यू६४ एफव्ही असेल तर ती ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची आणि मधे अडॅप्टर हवा. पण एका अक्षराचं काय घेऊन बसलात? ऱ्हस्व-दीर्घ न बघता आपलं इतकी वर्षं चाललंच आहे.

आता क्लिप, म्हणजे चिपच्या पायांना लावायचा तारांचा चिमटा. बॅटरी, चार्जर, सीमॉसचा सेल, सगळं जागच्या जागी राहू द्या. चिप बोर्डावर असतानाच वाचायची तर तुम्ही दिलेले ३.३ व्होल्ट त्या एका चिपपुरते थोडेच राहतात? घोडबंदर रोडला तुम्ही तुमच्या फ्लॅटसाठी टँकर मागवावा आणि पाणी आख्ख्या सोसायटीच्या टाकीत जावं, तसा तो करंट रेलवरून बोर्डभर पसरतो. त्यात चिपसेट अर्धवट जागा होतो आणि त्याच तारांवर बोलायला लागतो. एका वेळी दोघं बोलले की काय ऐकू येतं, हे जनरल बॉडीला बसलेल्या माणसाला सांगायला नको.

चिपने स्वतःची ओळख म्हणून दिलेला आयडी ईएफ ४० १७ आला तर ठीक. एफएफ एफएफ एफएफ, म्हणजे चिपकडून काहीच उत्तर नाही, असं आलं तरी नाउमेद होऊ नका. यादीतून चिपचं नाव हाताने निवडा, सॉफ्टवेअर विनातक्रार वाचतं. आणि वाचायचं ते एकदाच! दुसऱ्यांदा वाचून चेकसम, म्हणजे फाईलचा आकड्यातला ठसा, जुळवायला गेलात आणि नाही जुळला, की रात्रीची झोप गेली. पत्रिका एकाच ज्योतिषाला दाखवली की मतभेद होत नाहीत.

मग चिपमधलं सगळं पुसा. इथे एक चमत्कार अनुभवाल: वाचताना सैल असलेली क्लिप पुसताना मात्र नेमकी घट्ट बसते. पुढे ग्रुपवर कुणीतरी टाकलेली 'सेम मॉडेल'ची फाईल भरा. मूळ चिपमध्ये त्या मशीनचा सिरियल नंबर होता, विंडोजची की होती, कधीकधी लॅनचा पत्ताही तिथेच असतो. आता कुठल्यातरी अनोळखी लॅपटॉपचा जुळा भाऊ ठाण्यात नांदेल, एवढंच.

हे सगळं बालिश वाटत असेल तर तुम्ही दुसऱ्या पंथाचे, उपटपंथी. तुमच्या मते क्लिप म्हणजे नवशिक्यांचा चिमटा. मर्दाने चिप काढूनच वाचावी. मुद्दा खराच आहे, बाहेर काढलेल्या चिपशी मधे बोलणारं कुणी नसतं. तेव्हा हॉट एअर, म्हणजे गरम हवेची गन, थेट ४५० अंशांवर न्या. शिशाविनाचं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, पण जाड ग्राउंड उष्णता पिऊन टाकतं. बोर्ड खालून हळूहळू तापवायला तुम्हाला कुठे वेळ आहे? सोल्डर नीट वाहू देणारा फ्लक्स लावला तर हात चिकट होतात, आणि उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने शेजारपाजार झाकणं हा भित्रेपणा. बाजूचा प्लॅस्टिकचा कनेक्टर नमस्कार करायला लागला की समजावं, वेळ जवळ आली. आता ट्वीझरने ओढा. चिप हलत नाही? जोरात ओढा. आली! बोर्डावरचे तांब्याचे दोन पॅडही सोबत आले, ते तिचे माहेरचे समजा. चिमुकले रेझिस्टर कुठे उडाले ते गणपतीच्या साफसफाईत सापडतील.

आणि वाचन मात्र काय सुरेख होतं! सॉकेटमध्ये चिप ठेवली, तीन वेळा वाचली, तिन्ही फायली तंतोतंत एक. चिप वाचली. बोर्ड वाचला नाही.

वागळे इस्टेटला एक काका आहेत, त्यांच्याकडे चुकूनही शिकायला जाऊ नका. आधी बॅटरी आणि सेल काढतात. क्लिपच्या तारा वीतभरही लांब ठेवत नाहीत. तीनदा वाचून चेकसम कागदावर लिहितात, हो, कागदावर! जुळला नाही तर सप्लायचा तो आठवा पाय तेवढा अलगद उचलतात आणि पुन्हा वाचतात. तरीही नाहीच जमलं, किंवा पाय नसलेली चपटी चिप निघाली, की मग फ्लक्स, टेप आणि हॉट एअर. इतक्या वेळात तुम्ही तीन बोर्ड मारून चहा पिऊन आला असता. माझा पहिला बोर्ड मारल्यावर त्यांनी मला एकच विचारलं होतं, "घाई कुणाला होती रे?" उत्तर मी अजून शोधतोय, तुम्ही त्या भानगडीत पडू नका.

संध्याकाळी नौपाड्यातल्या काकू लॅपटॉप न्यायला येतील. "अरे बाळा, निदान जुनी फाईल तरी ठेवलीयस ना?" असं विचारतील. काकूंचा भाचा कॉम्प्युटर इंजिनियर आहे, त्यानेच विचारायला सांगितलेलं असतं. तुम्ही अजिबात डगमगू नका. फाईल उघडून दाखवा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ. आकार मात्र बरोबर ८ एमबी, एक बाईट इकडचा तिकडे नाही.